खुलं पत्र: कर्शनर आत आणि मंकीज बाहेर, हे कसं काय?

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या नॉमिनेटिंग कमिटीतल्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही मला ओळखत नाही आणि ओळखायचं काही कारणही नाही. मी पुण्यात राहतो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करतो, आणि गिटार येते म्हणायला लाज वाटावी इतपतच येते. रॉक संगीतातल्या मोठ्या माणसांना मान देणाऱ्या तुमच्या यादीत कोण आलं नि कोण गाळलं गेलं याने माझ्या घरची दुधाची पिशवीसुद्धा स्वस्त होत नाही, तरी दर वर्षी नॉमिनेशन्स आली की मी वरपासून खालपर्यंत वाचतो, एकच नाव शोधतो, ते नसतं, मग लॅपटॉप बंद करून चहा टाकतो. द मंकीज, साठच्या दशकातला अमेरिकेतला बँड. त्यांची पहिली रेकॉर्ड १९६६ ची, तुमचा नियम पहिल्या रेकॉर्डनंतर २५ वर्षांचा, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीपासून ते पात्र आहेत आणि आजवर इंडक्ट करणं, म्हणजे मानाने आत घेणं, तर सोडाच, साधं नॉमिनेशनसुद्धा एकदाही नाही. का नाही ते तुम्ही कधी सांगत नाही, पण माहिती सगळ्यांना आहे. तो म्हणे खरा बँडच नव्हता. टीव्हीवाल्यांनी बनवलेला होता.

हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्या काकाच्या तोंडून ऐकलं, आणि तो ते चिडून सांगायचा, त्यांच्या बाजूने. काका गिरगावात राहायचा, दिवसा बँकेत आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटारवर. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे तुमचा तो काळ्या कोटातला सिम्फनीवाला नव्हे, गणपतीत आणि लग्नात फिल्मी गाणी लाइव्ह वाजवणारी पार्टी, तिला आम्ही ऑर्केस्ट्रा म्हणतो. त्याच्याकडे चोर बाजारातून आणलेली 'आयम अ बिलीव्हर'ची ४५ आरपीएमची तबकडी होती, मधला कागद पार पुसून गेलेला, सुई टेकवली की आधी नुसती खरखर आणि मग तो ऑर्गन असा टुणकन उडी मारून यायचा की आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, लावलं का पुन्हा ते माकडांचं. तिला नाव कोणी सांगितलं होतं देव जाणे. तर काकाचं म्हणणं असं, की अरे वाजवलं नाही म्हणून काय बोंब मारता, आपल्याकडे देव आनंदने कधी स्वतः गाणं म्हटलं का, मग काय त्याला थिएटरातून बाहेर काढला?

मी तेव्हा शाळेत होतो, मला ते पटलंही आणि नाहीही. मोठा झाल्यावर कळलं की काकाला यात स्वतःचं काहीतरी दुखत होतं. मुंबईच्या फिल्मी गाण्यांचं अरेंजिंग कित्येक वर्षं गोव्याच्या वादकांनी केलं, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, आणि तबकडीवर नाव छापलं जायचं संगीतकाराचं. काका त्या लोकांना देव मानायचा. म्हणजे पडद्यामागे वाजवणाऱ्याचं नाव जातं याचा त्याला सगळ्यात जास्त राग यायला हवा होता. पण तो म्हणायचा की ज्याने वाजवलं त्याला मान द्या, जरूर द्या, पण त्यासाठी स्टेजवर उभा राहिला त्याला चोर कशाला ठरवता, त्याला तर बिचाऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं.

असो. आता तुमचं म्हणणं आधीच मान्य करून टाकतो म्हणजे भांडण सोपं होईल. हो, बँड बनवलेला होता. बॉब राफेल्सन आणि बर्ट श्नायडर या दोघांना बीटल्सच्या पिक्चरसारखी धमाल टीव्हीवर करायची होती, १९६५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी हॉलिवूडच्या पेपरात जाहिरात दिली, चार वेडे पोरगे पाहिजेत, वय १७ ते २१. शेकडो आले. पुढे गायक-गिटारवाला म्हणून गाजलेल्या स्टीफन स्टिल्सला घेतलं नाही, त्याने आपल्या ओळखीतला पीटर टॉर्क पाठवला. मिकी डोलेन्झ लहानपणी टीव्हीवर सर्कशीतला पोरगा झालेला. डेव्ही जोन्स मँचेस्टरचा, ब्रॉडवेवर 'ऑलिव्हर'मध्ये काम केलेला आणि त्यासाठी टोनीचं, म्हणजे नाटकांच्या मोठ्या अवॉर्डचं, नॉमिनेशन मिळालेला. आणि माइक नेस्मिथ टेक्ससचा, लोकरीची टोपी घालून ऑडिशनला आला तो ती टोपीच त्याची ओळख झाली. मिकीला ड्रम येत नव्हते, भूमिका ड्रमरची म्हणून शिकायला लावले. १२ सप्टेंबर १९६६ ला एनबीसीवर शो सुरू झाला आणि त्याच्या आधीच 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल' बाजारात आलेलं, त्यावर वाद्यं बॉइस आणि हार्ट या गीतकारांच्या स्वतःच्या टोळीने वाजवलेली. पहिले दोन अल्बम सगळे मिळून ३१ आठवडे एक नंबरला. त्यातली वाद्यं बहुतेक बाहेरच्यांची. गळे मात्र यांचेच हां, हे लोक विसरतात, 'बिलीव्हर'मधला तो आवाज मिकीचा आहे आणि तसं गाऊन दाखवा म्हटलं तर भले भले खोकायला लागतील.

तर हे सगळं मान्य. पण मग जरा तुमच्याच भिंतीवरची नावं वाचूया का?

'बिलीव्हर' लिहिणारा नील डायमंड, २०११ ला आत. 'प्लेझंट व्हॅली संडे' लिहिणारे जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग, १९९० लाच आत, कॅरोलबाई तर नंतर २०२१ मध्ये गायिका म्हणून परत एकदा. नेस्मिथच्या सेशन्सना ड्रमवर बसणारा हॅल ब्लेन, २००० ला आत. त्याच सेशन्सना गिटार धरणारा जेम्स बर्टन, २००१. म्हणजे लिहिणारे आत, वाजवणारे आत, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं वाजवलं ते बाहेर बाकावर. बरं, बाहेरच्यांनी वाजवलं हा गुन्हा असेल तर बर्ड्सचं काय? 'मिस्टर टॅम्बरीन मॅन'वर त्या बँडमधला वाद्य वाजवणारा एकटा रॉजर मॅग्विन होता, बाकी हॅल ब्लेन आणि मंडळी, म्हणजे तेच स्टुडिओवाले. बर्ड्स १९९१ ला आत आणि मी म्हणतो बरोबरच आहे. बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'वर तीच माणसं, ते १९८८ ला आत. सुप्रीम्सना तर मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने चालायचं कसं, बसायचं कसं, हात कुठे ठेवायचे इथपर्यंत शिकवलं होतं, तिथे बनवाबनवी दिसली नाही, दिसलं ते सोनं, आणि होतंच ते सोनं. सेक्स पिस्टल्स लंडनच्या एका कपड्यांच्या दुकानाभोवती जमवलेले, गायकाची ऑडिशन ज्यूकबॉक्सवर दुसऱ्याच्या गाण्यासोबत ओठ हलवून घेतलेली. तुम्ही त्यांना २००६ मध्ये मानाने बोलावलंत, त्यांनी शिव्या घालून नकार दिला. हेच सेक्स पिस्टल्स 'स्टेपिंग स्टोन' वाजवायचे, जे मंकीजनी गाजवलेलं गाणं. असा सगळा घोळ आहे.

आणि आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. डॉन कर्शनर.

तुम्हाला वेगळं सांगायला नको, तरी जे हे वाचतायत त्यांच्यासाठी सांगतो. कर्शनर हा शोचा म्युझिक सुपरवायझर, कोणतं गाणं, कोणी वाजवायचं, कधी बाजारात आणायचं, सगळं त्याच्या हातात. जानेवारी १९६७ मध्ये पोरं टूरवर असताना त्याने दुसरा अल्बम काढून टाकला, त्यांना पत्ता नाही, म्हणजे स्वतःची रेकॉर्ड स्वतः दुकानात जाऊन विकत घेऊन बघायची वेळ आली, कव्हरवर कपड्यांच्या कंपनीच्या जाहिरातीतला फोटो. नेस्मिथने आधीच सॅटर्डे इव्हनिंग पोस्टला सांगून टाकलं होतं की रेकॉर्डवर आम्ही वाजवत नाही. विचार करा जरा, २४ वर्षांचा पोरगा, देशभर गाजलेला शो, आणि हा जाऊन पेपरला आपलंच भांडं फोडतो. मग बेव्हर्ली हिल्स हॉटेलमध्ये मीटिंग झाली. कर्शनर चेक घेऊन आलेला, वकील घेऊन आलेला. नेस्मिथ म्हणाला आम्हाला वाजवू द्या, नाहीतर मी चाललो. वकील म्हणाला जरा काँट्रॅक्ट वाचा. आणि नेस्मिथने भिंतीत मूठ घातली, आरपार, आणि वकिलाला म्हणाला की हे तुझं तोंड असू शकलं असतं. पुढच्या महिन्यात कर्शनरने परत न विचारता सिंगल काढायला घेतली आणि त्याची नोकरी गेली. तो पुढे गेला आणि त्याने आर्चीज काढले, कार्टूनमधला बँड, कारण कार्टून भिंतीत मूठ घालत नाही. 'शुगर शुगर' १९६९ ला एक नंबरला गेलं, त्याचं डोकं धंद्यात चालायचं यात वादच नाही.

तर २९ फेब्रुवारी २०१२ ला डेव्ही जोन्स हार्ट अटॅकने गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लीव्हलंडला तुमचा सोहळा झाला आणि त्यात तुम्ही डॉन कर्शनरला मरणोत्तर अहमेट एर्टेगन अवॉर्ड, म्हणजे पडद्यामागच्या धंदेवाल्यांसाठीचा मान, दिलं. दीड महिन्याच्या अंतराने. मी ती बातमी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच राहिला. म्हणजे ज्यांनी म्हटलं आम्हाला वाजवू द्या ते खोटे, आणि ज्याने म्हटलं वाजवायचं नाही तो मात्र रॉक अँड रोलचा मानकरी. कर्शनरला देऊ नका असं मी म्हणत नाहीये, त्याने न्यूयॉर्कच्या ब्रिल बिल्डिंगच्या त्या सगळ्या गीतकारांना कामं दिली, त्याचा हक्क आहे. पण मग मंकीजना नाही म्हणायला तुमच्याकडे नेमकं उरलं काय?

हेडक्वार्टर्स ऐकलाय का तुमच्यापैकी सगळ्यांनी? खरं सांगा, पूर्ण, हेडफोन लावून? मे १९६७ चा अल्बम, कर्शनर गेल्यावर आरसीएच्या हॉलिवूड स्टुडिओत या चौघांनी स्वतः बसून केलेला, प्रोड्यूसर टर्टल्स या बँडमधून बोलावलेला चिप डग्लस. बास बऱ्याच ठिकाणी बाहेरच्याने वाजवलाय, 'शेड्स ऑफ ग्रे'वर फ्रेंच हॉर्न आणि चेलो बाहेरचे आहेत, आणि हे त्यांनी कव्हरच्या मागे स्वतः लिहून दिलंय. बाकी यांचं. पीटर कुठे बँजो, कुठे पियानो, कुठे गिटार, जे समोर येईल ते. नेस्मिथ पेडल स्टील. डेव्ही खुळखुळे आणि टॅम्बरीन, आणि हसू नका, टॅम्बरीन नीट वाजवून दाखवा मग हसा. मिकीचे ड्रम्स ऐका. काका मला ते बोटाने टेबलावर दाखवायचा, हा बघ, इथे पोरगा पुढे धावतोय, इथे थोडा उशीर, आणि इथे, ऐक, इथे त्याला कळलंय की आपल्याला जमतंय. 'रँडी स्काउस गिट' हे मिकीने स्वतः लिहिलेलं गाणं आहे आणि त्यात तो टिंपनी बडवतो, ते नगारे असतात ना मोठे, आणि मधेच असा कोसळतो त्यांच्यावर की वाटतं इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं त्या कातड्यावर निघतंय. 'नो टाइम' नावाचं गाणं त्यांनी साउंड इंजिनिअर हँक सिकालोच्या नावावर करून टाकलं, नुसतं थँक यू म्हणून, म्हणजे रॉयल्टी त्याला. पडद्यामागच्या माणसाचं नाव पुढे आणणारा बँड, आणि तो खोटा!

अल्बम एक आठवडा एक नंबरला राहिला. मग बीटल्सचा सार्जंट पेपर आला. मग हा ११ आठवडे दोन नंबरला बसून राहिला. त्या उन्हाळ्यात बीटल्सच्या मागे दोन नंबरला बसणं याला मी तरी हरणं म्हणणार नाही. आणि खुद्द बीटल्सना यांचं काही वावडं नव्हतं, 'अ डे इन द लाइफ'च्या त्या मोठ्या ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंगला नेस्मिथ हजर होता, त्यांच्यातल्या जॉर्ज हॅरिसनने 'वंडरवॉल' पिक्चरच्या म्युझिकसाठी पीटरकडून बँजो वाजवून घेतला. ज्यांची नक्कल म्हणून यांना नावं ठेवली गेली त्यांनाच त्रास नव्हता, त्रास फक्त लिहिणाऱ्यांना.

नेस्मिथवर वेगळं पत्र होईल पण दोन ओळी लिहितोच. 'मेरी मेरी' त्याचं गाणं. ते पॉल बटरफील्ड ब्लूज बँडने १९६६ मध्येच रेकॉर्ड केलं, ते २०१५ ला आत. रन-डीएमसीने १९८८ मध्ये घेतलं, ते २००९ ला आत. 'डिफरंट ड्रम' त्याचंच, लिंडा रॉनस्टॅटचं पहिलं हिट, त्या २०१४ ला आत. ब्लूजवाले, रॅपवाले आणि कंट्रीकडून आलेली बाई, तिघांनी ज्याची गाणी उचलली तो माणूस म्हणे टीव्हीवरचा पुतळा. त्याच माणसाला १९८२ मध्ये व्हिडिओसाठी दिलेला पहिला ग्रॅमी मिळाला, आणि त्याने काढलेला व्हिडिओ गाण्यांचा कार्यक्रम एमटीव्हीच्या आधीचा. (त्याच्या आईने टाइपरायटरच्या चुका खोडायचं पांढरं द्रव्य, लिक्विड पेपर, शोधून काढलं होतं. याचा नॉमिनेशनशी संबंध नाही, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

शोबद्दलही लोक असं बोलतात की तो काहीतरी पोरकट कारभार होता. पोरकट होताच, त्यासाठीच तर बघायचे. पण १९६७ ला बेस्ट कॉमेडीचा एमी मिळाला, दिग्दर्शनाचाही. शेवटच्या काही भागांत तर त्यांनी कहरच केला, रॉकवाला फ्रँक झॅपा, त्याला नेस्मिथचे कपडे आणि नेस्मिथला झॅपाचे, आणि सगळ्यात शेवटच्या भागात, जो मिकीने डायरेक्ट केला, त्यात गायक टिम बकली एकटा गिटार घेऊन बसतो आणि 'साँग टू द सायरन' म्हणतो, तेही ते गाणं अजून रेकॉर्डवर आलेलं नसताना. जुलै १९६७ च्या टूरवर त्यांच्या आधी स्टेजवर कोण होतं, तर जिमी हेंड्रिक्स. शाळकरी पोरी डेव्ही डेव्ही ओरडतायत आणि समोर हेंड्रिक्स, तो थोड्याच शोनंतर वैतागून गेला, साहजिक आहे. पण बोलावलं कोणी? मिकीने, कारण त्याला आवडला. आणि मंकीजच्या पैशावर राफेल्सन श्नायडर यांनी आधी 'हेड' हा पिक्चर काढला, जॅक निकोल्सनने सोबत लिहिलेला, जो सपशेल पडला, आणि मग 'ईझी रायडर'. बंडखोर हॉलिवूडचं कौतुक करताना त्याचं बिल कोणी भरलं ते कोणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल हा नुसता भक्त आहे. तर नाही. सगळ्यात मोठी थाप, की १९६७ मध्ये मंकीजनी बीटल्स आणि स्टोन्स दोघांच्या एकत्र विक्रीपेक्षा जास्त रेकॉर्ड्स विकल्या, ती खोटी आहे, नेस्मिथनेच एका पत्रकाराला मुद्दाम मारलेली लोणकढी आणि नंतर स्वतःच कबूल केलेली, तरी अजून लोक ती छातीठोकपणे लिहितात, कृपया त्या आकड्यावर मत देऊ नका. दुसऱ्या अल्बमवर डेव्ही एक गाणं बोलून दाखवतो, नुसतं बोलतो, प्रेमाबद्दल, ते मी आजवर एकदाच पूर्ण ऐकलंय आणि तेही पावसात रिक्षात अडकलो होतो आणि फोन खिशात खोल होता म्हणून. हेडक्वार्टर्सनंतर मिकीला ड्रमचा कंटाळा आला आणि पुढच्या अल्बमवर परत बाहेरचा ड्रमर आला, तरी तो अल्बमही एक नंबरला गेला आणि त्यावर मूग सिंथसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, आहे, रॉकच्या रेकॉर्डवरचा अगदी सुरुवातीचा, मिकीने स्वतः विकत घेतलेला. १९७० चा 'चेंजेस' दोघांतच उरकलेला, तो नसता काढला तरी चाललं असतं. पण असे अल्बम तुमच्या आतल्या कोणाकडे नाहीत? सांगा ना.

मी क्लीव्हलंडला येऊन गेलोय. ऑनसाइटला होतो तेव्हा एका शनिवारी बस धरून आलो, तळ्याकाठी तुमची ती काचेची उतरती इमारत, वारा असा की टोपी धरून चालावं लागत होतं. आत नावं वाचत फिरलो, दमलो, मजाही आली. काका तेव्हा हयात होता. त्याला फोन लावला, म्हटलं अरे मी आत उभा आहे. त्याने पहिलं विचारलं, आहेत का? म्हटलं नाही. तो म्हणाला, बरं, थंडी आहे का तिकडे?

तेवढंच. विषय बदलला त्याने. मला अजून तो थंडीचा प्रश्न आठवतो.

मागणी साधी आहे. परफॉर्मर म्हणून बॅलटवर नाव घाला, हजाराच्या वर मतदार आहेत तुमचे, त्यांना ठरवू दे, हरले तर हरले. परफॉर्मर म्हणायला जड जात असेल तर तुमच्याकडे म्युझिकल एक्सलन्सची खिडकी आहे, इन्फ्लुएन्सची आहे, जर्मनीच्या क्राफ्टवर्क बँडला बॅलटवर वर्षानुवर्षं रखडवून शेवटी तिथूनच घेतलंत ना? पीटर २०१९ ला गेला. नेस्मिथ डिसेंबर २०२१ ला, शेवटची टूर संपवून महिनाही झाला नव्हता. उरला मिकी, १९४५ चा जन्म, आणि अजून स्टेजवर उभा राहून गातो. सोहळ्याला त्याला दोन गाणी दिलीत तरी पुष्कळ, ड्रमवर नाही बसवलंत तरी चालेल, तो काही तक्रार करणार नाही.

आणि एक बारीकशी सूचना. घेतलंत तर यांचं नाव कर्शनरच्या शेजारच्या भिंतीवर लावू नका. भिंत काचेची आहे तुमची, आणि नेस्मिथचा हात मोठा होता.

कळावे,
पुण्यातला एक ऐकणारा